कव्हरवर नावच नाही ओ!

प्रश्न : सर, काकांच्या कपाटात पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची एलपी रेकॉर्ड सापडली, कव्हर लय भारी आहे पण पुढं बँडचं नावच नाही, असं का ओ? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मुद्दामच ओ. कव्हर डिझाइन करणाऱ्या हिप्नॉसिस ग्रुपनं काळ्यावर फक्त प्रिझम ठेवला, चित्र जॉर्ज हार्डीचं. आता कव्हर उघडून टेबलावर पसरा, प्रिझममधनं निघालेले रंगांचे पट्टे आतपर्यंत जातात आणि हिरवा पट्टा मधेच ईसीजीसारखा उसळतो, कारण रेकॉर्ड सुरू पण हृदयाच्या ठोक्यांनी होते आणि संपते पण, मला दरवेळी काटा येतो बघून. पट्टे मोजा, ६ च भरतील, तानापिहिनिपाजातला 'पा' म्हणजे पारवा गाळलाय. आणि पावसाळ्यात जपा, आपल्याकडच्या ओलीनं पुठ्ठ्याला बुरशी येते.