सिंड्रेलाचा पाय आणि सासऱ्याचं पागोटं

प्रश्न : नमस्कार ताई, माझी लेक नववीत आहे. सध्या रात्री अकरा-अकरापर्यंत लाईट चालू ठेवून 'सिंडर' नावाची इंग्रजी कादंबरी वाचतेय. मी चाळून बघितली तर त्यातली सिंड्रेला मेकॅनिक, तिचा एक पाय धातूचा, शहरात साथ आलीये नि माणसं मरतायत! मी तिला लहानपणी सांगितलेली भोपळ्याची गाडी आणि काचेचा बूट कुठे गेला? मूळ गोष्टीची अशी मोडतोड मुलांनी वाचावी का? वर आता म्हणते मला पण अशी गोष्ट लिहायचीये, मराठीत, पण आपल्याकडे सिंड्रेलाच नाही. काय सांगू तिला?
– एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : अहो वाचू द्या, अगदी बिनधास्त. मारिसा मेयर यांचं हे पुस्तक २०१२ चं, आणि खास तुमच्या लेकीच्या वयाच्या वाचकांसाठीच लिहिलेलं. पुढे लाल टोपीवाली, रॅपुन्झेल, हिमगौरी अशा तिघींची तीन पुस्तकं आहेत, ती पण मागेल बघा. सुरुवातीलाच सिंडर बाजारातल्या आपल्या टपरीवर बसून, लहान पडायला लागलेला धातूचा पाय काढते, तिथेच मी अडकले, कारण बुटाच्या गोष्टीत एकदम पायच हातात येतो! आणि साथीचं म्हणाल तर तिची धाकटी सावत्र बहीण पिओनी तिला खरंच जीव लावते, ती आजारी पडते तेव्हा सिंडरला रडताही येत नाही, तिच्या शरीरात अश्रूंची सोयच नाहीये. ही पानं जड आहेत, मुलीने वाचली की तिच्याशी जरूर बोला, पण पुस्तक काढून घेऊ नका.

आता मोडतोडीचं. तुमचा काचेचा बूट आणि भोपळा आला शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ च्या पुस्तकातून. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या गोष्टीत भोपळा नाही, परी नाही, आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आहे, आणि बुटात पाय बसावा म्हणून एक सावत्र बहीण अंगठा कापते, दुसरी टाच, तेही आईने सुरी हातात दिल्यावर. चीनमध्ये तर नवव्या शतकात लिहून ठेवलेली अशीच गोष्ट सापडते, तिथे मुलीला मदत करतात मेलेल्या माशाची हाडं आणि जोडा असतो सोन्याचा. मग यातली मूळ कुठली म्हणायची? ज्याने सांगितली त्याने आपल्या घरातलं, गावातलं काहीतरी तिच्यात घातलंच.

आणि आपल्याकडे सिंड्रेला नाही असं कसं हो! श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी आठवा. आटपाट नगराच्या राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचं बेडं. रानात नागकन्या-देवकन्या भेटून तिला शिवामूठ शिकवतात, परीच की त्या! घरचे तिचा देव बघायला निघतात तेव्हा लहानसं देऊळ सोन्याचं होतं, राजा खुंटीवर पागोटं ठेवून तळं बघायला जातो आणि इकडे देऊळ नाहीसं. पागोटं राहिलं म्हणून तो परत जातो तर तिथे एक छोटंसं देऊळ, एक पिंड, आणि खुंटीवर पागोटं. मी लहान असताना आजी ही कहाणी वाचायची तेव्हा मला ती खुंटी डोळ्यांसमोर दिसायची, अजून दिसते. तिकडे मुलीचा बूट मागे राहतो आणि राजपुत्र तिला शोधत येतो, इथे सासऱ्याचंच पागोटं मागे राहतं आणि त्याला सुनेच्या देवाकडे परत जावं लागतं, मला तर हे जास्तच आवडतं.

पंचवटीत पूजेच्या सामानाच्या दुकानात कहाण्यांची पुस्तिका मिळेल, ती घेऊन द्या. आणि लेकीला विचारा, देऊळ दिसल्यावर सगळ्यांची एका दिवसात आवडती झाली, तर त्या रात्री ही बाई बेड्यातल्या गुरांजवळ गेली असेल का? नवऱ्याला काय म्हणाली असेल? कहाणी याबद्दल काही बोलत नाही, म्हणजे ती जागा तिच्यासाठी मोकळी आहे. रान कुठलं घ्यायचं तर त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराचं घेऊ दे, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्याच्या फेरीला गेली असेल तर पावसातली ती वाट तिने पाहिलेलीच असेल. नावडतीला मेकॅनिक कर, डॉक्टर कर, हवं ते कर, फक्त खुंटीवरचं पागोटं तेवढं काढू नको म्हणावं.