अर्जाची पोच आधी घे

नाशिकमधल्या शाळा आणि गृहनिर्माण सोसायट्यांसोबत जातिभेदाविरुद्ध काम सुरू करतोयस, तर पहिल्याच बैठकीत समतेवर भाषण नको. सभासदत्वाचा अर्ज मागून घे. गंगापूर रोड असो की इंदिरानगर, बोलणी आडनावावर, म्हणजे जातीवर अडतात, पण कागदावर तसं कुणी लिहीत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार अर्जावरचा निर्णय ३ महिन्यांत कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाल्याचं मानतात. म्हणून तारीख-शिक्क्याची पोच घ्यायला लावच. सचिवांनाही हे नीट समजावून सांग, पुष्कळांना खरंच ठाऊक नसतं. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झालेलं हे गाव. इथं आजही दार अडवलेलं मला सहन होत नाही. शाळेत मात्र थेट वर्गात जा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांवरची मुलं वेगळ्या तुकडीत बसवलीत का, ते हजेरीपटावर बघ.