जुने जीआय पाईप बदलताय? आधी हे वाचा

भावा, गळतंय तिथं एम-सील थापत बसू नको. जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप, आतनं गंजून चोंदलेला असतो, एका जागी पान्हा लावून पिळलास की पुढच्या जॉइंटचा आटा तुटतोय, म्हणून टाकीपासनं नळापर्यंत लाईन एकदमच काढ. आपल्या सोलापुरात पाणी रोज कुठं येतंय, तर पाणी येऊन गेलं की दुसऱ्याच दिवशी काम काढ, पिंपं-घागरी भरून ठेवून.

पाईप सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा घे, साधा पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. सोल्युशन, म्हणजे पाईप चिकटवायचा गोंद, पाईपला आणि फिटिंगला दोन्हीकडं पातळ लावायचं, पाईप आत घालून पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरायचं, पण उन्हाळ्यात आपल्याकडं ते डब्यातच वाळायला लागतंय, तेव्हा सकाळी लवकर कर. पाणी मात्र दुसऱ्या दिवशी सोड. नळ बसतो तिथं पितळी आट्याचंच फिटिंग, प्लॅस्टिकचं चिरतं. गिझरला पाईप थेट जोडू नको, मध्ये धातूची जोडणी पाहिजे. पत्र्यावरनं जाणाऱ्या लाईनला रंग मार, ऊन पाईपला खातंय.

आणि हे कुणी सांगत नाही: जुन्या घरात वायरमननं अर्थिंग नळाच्याच पाईपला बांधलेलं असतं. लोखंड काढलंस की अर्थिंग गेलं, मग गिझरचा शॉक बसतो. पाईप कापायच्या आधी वायरमनला बोलवून वेगळं अर्थिंग करून घे, प्लंबरच्या भरवशावर राहू नको. प्लास्टर करायच्या आधी लाईन भरून रात्रभर ठेव, कुठं गळतंय का ते कळतंय.