इंग्लंडला पॅरामेडिक म्हणून यायचंय? आधी रांगेचं ऐक

तू विचारलंस, एचसीपीसीच्या (ब्रिटनमध्ये पॅरामेडिकची नोंदणी करणारी संस्था) नोंदणीची तयारी करतोय, पण इंग्लंडमधले पॅरामेडिक थकून नोकरी सोडतात असं ऐकलंय, ते खरं का? बरेच सोडतात, हे खरं. पण कारण तू समजतोयस ते नाही.

रक्त, अपघात, मृत्यू यांसाठी मन थोडंफार तयार असतं. मी खचलो तो हॉस्पिटलबाहेरच्या अॅम्ब्युलन्सच्या रांगेत. हॉस्पिटलला पेशंट १५ मिनिटांत ताब्यात द्यायचा, असा नियम आहे. मागच्या हिवाळ्यात एका रात्री खुबा मोडलेल्या आजींना घेऊन आम्ही नऊला पोहोचलो आणि त्या आत गेल्या अडीचला. तोवर गाडीतच. हीटर चालू, ब्लँकेट तीन, मधेमधे आजी विचारणार, "पोहोचलो का?" आणि रेडिओवर कंट्रोल रूम सारखी विचारतेय, कोणी मोकळं आहे का, कार्डिअॅक अरेस्ट आहे. पत्ता आमच्यापासून जवळच होता. आमच्या पुढे पाच गाड्या, मागे तीन, आणि उत्तर द्यायला कोणीच नाही. ते ऐकत बसणं अजून डोक्यातून जात नाही.

कागदावर कॅटेगरी १ च्या, म्हणजे जीव जाण्याच्या बेतात असलेल्या, कॉलला सरासरी ७ मिनिटांत आणि कॅटेगरी २ ला १८ मिनिटांत पोहोचायचं असतं. हार्ट अटॅक, स्ट्रोक हे या दुसऱ्यात येतात. उशीर झाला की शिव्या दारात उभ्या असलेल्यांना, म्हणजे आपल्यालाच. घरच्यांचंही चुकत नाही म्हणा.

शिफ्ट बारा तासांची. सुटायला वीस मिनिटं असताना कॉल आला तर जावंच लागतं, मग बाराचे चौदा होतात, आणि दुसऱ्या दिवशीची शिफ्ट असेल तर झोपेत तेवढीच काटछाट. जेवणाची सुट्टी कित्येकदा नावालाच. सलग चार नाइट झाल्या की मी बायकोशी बोलायचंही टाळायचो. हे बर्नआउट आहे, हे तिनेच आधी ओळखलं.

नोंदणीचं फारसं अवघड नाही: आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको. गाडी आपल्यालाच चालवावी लागते, म्हणून सी-वन (अॅम्ब्युलन्ससारख्या जड गाड्यांचं) लायसन्सही बघून ठेव. खरी चौकशी इंटरव्ह्यूला कर. तिथे न लाजता विचार: उशिरा सुटणं आठवड्यातून किती वेळा होतं? दोन शिफ्टमध्ये विश्रांती किती? लहान मुलाच्या मृत्यूसारख्या कॉलनंतर गाडी लगेच पुढच्या कॉलला पाठवतात का? हॉस्पिटलच्या दारात किती थांबावं लागतं? इंग्लंडमध्ये दहा अॅम्ब्युलन्स ट्रस्ट (सरकारी अॅम्ब्युलन्स सेवा चालवणाऱ्या संस्था) आहेत आणि सगळीकडची उत्तरं सारखी नसतात. जिथे उत्तर गुळमुळीत मिळेल, तिथे जाऊ नकोस.

मी अजून इथेच आहे. पण आता आठवड्यातून तीनच शिफ्ट करतो, पगार कमी घेऊन.