आयटी बँड दुखावलाय, सहा आठवडे धावणं बंद. मग या पावसाळ्यात डोंगरही बंद का?

डोंगर बंद करू नका. उतार बंद करा.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरूनच हे सांगतेय. पुण्यात राहता, सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालली होती. पाचेक किलोमीटर झाले की गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुरी खुपसल्यासारखं दुखतं, जिना उतरताना तर फारच. हाडांच्या डॉक्टरांनी आयटी बँडचं, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याचं दुखणं म्हणून सांगितलं आणि सहा आठवडे धावायचं नाही अशी ताकीद दिली. तुम्हाला विचारायचंय की ट्रेकही सोडायचे का, आणि घरी बसून मन कशात रमवायचं. मी साताऱ्याची, घाटात धावणारी आणि याच दुखण्यातून गेलेली. डॉक्टर नाही. त्यामुळे गुडघ्याला सूज असेल, तो मधेच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर माझं पुढचं काही वाचू नका, आधी परत दाखवून या. ती लक्षणं आयटी बँडची नव्हेत.

उतारच का, ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आयटी बँड हा स्नायू नाही. कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरून खाली येणारा आणि गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाला चिकटणारा तो एक जाड, चिवट पट्टा आहे. वरच्या टोकाला त्याला जे स्नायू ताणून धरतात, त्यात नितंबाचा मोठा स्नायूही येतो. गुडघा साधारण ३० अंशांत वाकतो तेव्हा हा पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबला जातो आणि त्याखालचा चरबीचा नाजूक थर चिडतो. पट्टा हाडावर पुढेमागे घासतो असं पूर्वी सांगायचे, आता दाबाची बाजू जास्त धरली जाते. उतरताना तुम्ही प्रत्येक पावलाला अंगाचं वजन याच कोनाच्या आसपास झेलता, तेही ब्रेक लावत. चढताना पाय टेकतो तेव्हा गुडघा त्याहून बराच जास्त वाकलेला असतो. म्हणून चढ निवांत जातो आणि उतरायला लागलं की आई आठवते. रमतगमत पळालं तर दुखतं आणि जरा वेग धरला तर तेवढं दुखत नाही, असा उलटा प्रकारही याच कारणाने होतो. तुम्हाला तसं झालं असेल तर ते मनाचे खेळ नाहीत.

आता शर्यतीचं. यंदाची सोडा. समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. म्हणजे अर्धी शर्यत चढ आणि उरलेली अर्धी जवळजवळ सलग उतार, तोही डांबरावरचा. २०१२ पासून ही शर्यत चालू आहे आणि बाहेरगावचे लोक दरवर्षी घाट चढायची तयारी करून येतात, उतरायची कुणी करत नाही. तुमचे सहा आठवडे ऑगस्टच्या मध्यात संपतील. उरलेल्या दोन-तीन आठवड्यांत असा गुडघा एवढ्या उतारासाठी तयार होत नाही. भरलेले पैसे गेले म्हणून हळहळ वाटेल, पण त्या पैशांपायी पुढचा हिवाळा घालवू नका. पुण्या-मुंबईच्या सपाट शर्यती तेव्हाच असतात.

डोंगराकडे येऊ. सपाटीवर अर्धा तास भरभर चालून दुखत नाही आणि एक मजला जिना उतरून दुखत नाही, एवढं जमेपर्यंत कुठेच जाऊ नका. जमलं की फिजिओला विचारा, ‘चढ चालला तर चालेल का?’ बहुतेक वेळा हो म्हणतात. मग वाटा अशा निवडायच्या की चढायचं पायांनी आणि उतरायचं दुसऱ्याच्या चाकांवर.

सिंहगड तुमच्या दाराशीच आहे. आतकरवाडीतून पायवाटेने चढा. जेमतेम पावणेतीन किलोमीटरमध्ये सहाशेक मीटर उंची मिळते, कुठल्याही धावणाऱ्याचा घाम काढायला तेवढं पुरतं. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, आणि वाहनतळावरून शेअर जीपने खाली या. ‘एवढा धट्टाकट्टा माणूस जीपमध्ये?’ असे चेहरे दिसतील, दिसू द्यात. जोराच्या पावसात दरडींमुळे घाटरस्ता बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी रस्ता चालू असल्याची खात्री करा, नाहीतर तोच उतार पायांनी उतरावा लागेल.

रायगड तर या दुखण्यासाठीच बांधलाय असं मी गमतीने म्हणते. चित दरवाजाकडून हजारावर पायऱ्या चढायच्या आणि परतताना रोपवेचा पाळणा पकडायचा. पाळणा उतरतो हिरकणीवाडीत. बाळासाठी अख्खा कडा उतरून गेलेल्या बाईच्या नावाच्या वाडीत आपण चार मिनिटांत बसून पोचतो, याची थोडी लाज वाटते खरी. मात्र रायगडाला मुसळधार पावसात जाऊ नका. २०२४ च्या जुलैत पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे आले होते आणि गड काही काळ बंद करावा लागला होता. सप्टेंबर उत्तम.

तिसरी वाट माझी आवडती. भिवपुरी रोड स्टेशनला उतरून गार्बेटच्या पठारावरून माथेरान. पावसाळ्यात हिरवळ, धबधबे, खाली ढग, आणि पूर्ण दिवसाचा दमदार चढ. माथेरानात गाड्यांना बंदी असली तरी दस्तुरी नाक्यावरून नेरळसाठी शेअर टॅक्सी मिळते, तिने खाली या. गुडघ्याला पत्ताही लागत नाही. वाट निसरडी आहे आणि धुक्यात चुकते, तेव्हा माहीतगार सोबत हवा.

नको त्या वाटाही सांगते. राजमाची लोणावळ्याकडून बरीचशी सपाट म्हणून लोक सुचवतील. जाताना ठीक, पण त्याच ग्रुपला परतताना कोंढाण्याच्या लेण्यांकडून कर्जतला उतरायचं असतं, आणि तो सगळा ओल्या दगडांचा तीव्र उतार. कळसूबाई, तोरणा, हरिश्चंद्रगड हे वर्षभर पुढे ढकला. तिथे वर पोचलात की खाली आणायला कुणी नाही. पहिलाच प्रयोग असेल तर यातलं काहीच नको, इकडे साताऱ्याला या आणि अजिंक्यताऱ्यावर चढा. गडावर गाडीरस्ता जातो, मधेच गुडघा बोलायला लागला तर घरच्यांना फोन करून गाडी वर बोलावता येते. चढणीच्या वाटेवर अर्ध्यातून माघार म्हणजे उतारच असतो, हे ध्यानात ठेवून सुरुवात छोट्या डोंगराने करायची. दोन काठ्या जवळ असू द्या. उतरावंच लागलं तर त्या गुडघ्यावरचा भार खरोखर कमी करतात. आणि दुखणं दाबायची गोळी घेऊन चढू नका. कधी थांबायचं हे सांगणारी ती एकच खूण आहे, शिवाय भरपूर घाम गेलेला असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

घरी काय करायचं? फोम रोलरवर, म्हणजे फोमच्या जाड लाटण्यावर, मांडी लाटत बसलेले लोक बघून मला कीव येते. पट्टा इतका चिवट असतो की लाटून तो लांबत नाही. आजूबाजूच्या स्नायूंना बरं वाटतं, तेवढ्यासाठी करायचं तर करा, पण दुखऱ्या जागेवर रोलर दाबू नका, आधीच दबलेल्या जागेवर आणखी दाब कशाला? काम आहे ते कमरेच्या बाजूच्या स्नायूंचं. एका पायावर उभं राहिल्यावर ते कंबर एका बाजूला झुकू देत नाहीत, आणि धावणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर पडत जाणंच. ते कमजोर असले की मांडी आत वळते आणि पट्टा ताणला जातो. कुशीवर झोपून, टाच भिंतीला टेकवून वरचा पाय हळू उचलणं. पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून दुसऱ्या बाजूची कंबर खाली सोडणं आणि वर घेणं. दुखणं कमी झालं की बुटक्या पायरीवरून आरशासमोर सावकाश पाऊल खाली टेकवणं, गुडघा आत न झुकवता. हे तिसरं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी, कारण यातच पाय उतरायला शिकतो. किती वेळा करायचं ते फिजिओने तुमचा पाय बघून ठरवावं.

धावणं परत सुरू कराल तेव्हा सपाटीवर, दिवसाआड, मधे मधे चालत, आणि दुखणं जिथे सुरू व्हायचं त्याच्या बरंच आधी थांबून. पावलं छोटी टाका. मिनिटाला जितकी पडतात त्याच्या पाच ते दहा टक्के जास्त पडली की पाय अंगाखाली येतो आणि धक्का कमी होतो. रस्त्याच्या एकाच कडेने पळू नका, पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो आणि एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो. मग चढ: जिममधल्या ट्रेडमिलला चढ देऊन पळा, तिथे उतरण्याचा प्रश्नच नाही. उतार सगळ्यात शेवटी.

राहिलं मनाचं. ग्रुपवर रविवारी सकाळी सगळ्यांच्या धावण्याच्या स्ट्राव्हा ॲपवरच्या नोंदी येऊन पडतात आणि ते बघवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ग्रुप म्यूट करा, त्यात कमीपणा नाही. आणि सप्टेंबरात शर्यतीऐवजी कासला चालायला या. साताऱ्याहून गाडीने पंचवीसेक किलोमीटर, पठार बरंचसं सपाट, गुडघ्याची काही तक्रार नसते. फुलांच्या दिवसांत माणसांची संख्या मर्यादित ठेवतात, आधी नोंदणी करा आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळा. निळ्या-जांभळ्या गालिच्याचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही सीतेची आसवं शोधा, आणि कातळावरच्या ओलीत दवबिंदू. दोन्ही कीटकभक्षी वनस्पती. दवबिंदूच्या पानावर चिकट थेंब असतात, त्यात बारीक किडा अडकलेला दिसायला वाटेच्या कडेशी उकिडवं बसून बघत राहावं लागतं. अशा वेगाने मी माझ्याच जिल्ह्यातला डोंगर आधी कधी बघितला नव्हता.

गुडघ्याला बांधायच्या पट्ट्याचं विचारलंत. काहींना बरं वाटतं, चालताना बांधायला हरकत नाही. पण तो बांधल्यावर दुखत नाही म्हणून सिंहगडावरून पायी उतरायचा विचार असेल, तर पट्टा घरी ठेवा आणि जीपचे पैसे खिशात.