ऑपरेशन्स कंट्रोल रूममधला लाइव्ह नकाशा कसा वाचतात? इतक्या ठिपक्यांत गोंधळ होत नाही का?

मी पुण्यात रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये डिस्पॅचर आहे, म्हणजे कॉल आला की कुठली गाडी पाठवायची ते ठरवते. लष्कराच्या तुकड्या दाखवणाऱ्या टॅक्टिकल नकाशाबद्दल शेवटी थोडं लिहिते, पण वाचायची रीत बरीचशी सारखीच आहे.

आधी ठिपक्याची वेळ बघायची, मग जागा. नवीन मुलामुलींना मी हेच पहिलं शिकवते. गाडीने शेवटचं कळवलं तेव्हा ती कुठे होती, एवढंच ठिपका सांगतो. गाडीतलं यंत्र जीपीएसवरून जागा काढतं आणि मोबाइल नेटवर्कवरून ठरावीक वेळाने पाठवतं. यातलं एक जरी तुटलं तरी ठिपका थिजतो. थिजलेला ठिपका आणि सिग्नलला उभी असलेली गाडी, दोन्ही दिसायला अगदी सारखी. कात्रजच्या नव्या बोगद्यात गाडी शिरली की असं होणारच. म्हणून ठिपक्यावर क्लिक करून शेवटच्या अपडेटची वेळ बघायची. वेळ जुनी वाटली की सरळ पायलटला, म्हणजे चालकाला, फोन लावायचा.

ही काळजी फार जुनी आहे. १९४० मध्ये ब्रिटनवर जर्मन विमानं येत होती, तेव्हा तिथल्या ऑपरेशन्स रूममध्ये मोठ्या टेबलावर नकाशा असायचा आणि हवाई दलातल्या मुली लांब दांड्यांनी त्यावरच्या खुणा सरकवायच्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे होते. खबर आली तेव्हा काटा ज्या रंगावर असेल, त्याच रंगाची खूण टेबलावर ठेवायची. वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला रंगावरूनच कळायचं की कुठली खबर ताजी आणि कुठली शिळी. मला ही युक्ती आजही थक्क करते.

दुसरी गोष्ट दिशा. नवले पुलाजवळ अपघाताचा कॉल येतो. तिथे हायवे आहे, सर्व्हिस रोड आहे, पुलाखालचा रस्ता आहे. नकाशावर गाडी अगदी शेजारी दिसते, पण ती साताऱ्याकडे तोंड करून वरच्या रस्त्यावर असेल तर वळून यायला बराच वेळ जातो. ठिपक्यावरचा बाण गाडी चालू असताना बरोबर असतो. उभ्या गाडीचा बाण मात्र कुठेही वळतो, कारण जीपीएस दिशा हालचालीवरून काढतं. अशा वेळी विचारावंच लागतं, "दादा, पुलावर आहात की खाली?" "खाली आहे ताई, वारज्याकडे तोंड आहे." या एका वाक्याने नकाशा पुरा होतो.

आणि अंतर. पौड रोडवरची गाडी पाषाणच्या कॉलला जवळची वाटते, पण मध्ये वेताळ टेकडी आहे, वळसा घालून जावं लागतं. पेठांचं तसंच, मध्ये मुठा आली की कुठला पूल मोकळा आहे ते आधी बघायचं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड मिरवणुकीने भरलेले असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मूळ नकाशाला हे रस्ते उघडेच वाटतात. बंद रस्त्यांचा थर आम्ही पोलिसांच्या माहितीवरून हाताने चढवतो, आणि त्या दिवशी मी ठिपक्यांच्या आधी तो थर वाचते.

लष्करी नकाशाचं थोडक्यात. नाटोच्या चिन्हपद्धतीत आपला तो निळा आयत, शत्रू लाल आणि टोकावर उभा चौकोन, तटस्थ हिरवा चौरस, ओळख न पटलेला पिवळा, चार पाकळ्यांचा. रंग दिसला नाही तरी आकारावरून ओळख पटते. आतल्या खुणेवरून तुकडीचा प्रकार कळतो: फुली म्हणजे पायदळ, लंबगोल म्हणजे रणगाडे. चौकट तुटक रेषेची असेल तर तुकडी तिथे असल्याची खात्री नाही, किंवा ती पुढे तिथे येणार आहे.

गोंधळाचं म्हणाल तर सगळे ठिपके कुणीच बघत नाही. आपल्या भागाच्या मोकळ्या गाड्या ठेवायच्या, बाकीच्या फिल्टरने लपवायच्या. कॉल दिलेली पण न हललेली गाडी मी आधी शोधते. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला तोंडी सांगतो की कुठल्या गाडीचा ठिपका अडकलाय आणि हाताने चढवलेल्या बंद रस्त्यांपैकी कुठले आता उघडलेत.