पोर्टल व्हेनमधली गुठळी : थांबू नका

सिरॉसिस (यकृत कडक, व्रणमय होणे) आहे, यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे आणि सोनोग्राफीत पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून यकृताला रक्त नेणाऱ्या शिरेत, गुठळी निघाली, अशी पत्रे सतत येतात. गोंधळही तोच असतो, म्हणून काहींना इथेच उत्तरे.

प्रश्न : बाबांना काहीच त्रास नाही. रिपोर्ट चुकीचा असेल का?

बहुधा नाही. पुष्कळांना लक्षणे नसतात, म्हणून तर ठरावीक काळाने डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायची.

प्रश्न : आईचा आयएनआर २ आहे. रक्त आधीच पातळ असताना गुठळी कशी झाली? फॅमिली डॉक्टर म्हणाले, रक्त पातळ करणारे औषध धोक्याचे, वाट पाहू. दोन महिने झाले.

आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, वाढला म्हणजे गुठळी होणार नाही, हा समज आधी काढून टाका. रक्त गोठवणारे घटक यकृत बनवते, तसेच गोठणे आवरणारे प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिनही. सिरॉसिसमध्ये तराजूची दोन्ही पारडी हलकी होतात. आयएनआर त्यातले एकच मोजतो. शिवाय कडक झालेल्या यकृतात रक्त सहज शिरत नाही, शिरेतला प्रवाह मंदावतो आणि रक्त गोठते.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त या शिरेतून येते. नव्या यकृताची शीर हिलाच जोडायची असते. अर्धवट गुठळी सर्जन काढू शकतात. शीर पूर्ण बंद होऊन गुठळी खाली आतड्याच्या शिरेत उतरली, तर शस्त्रक्रिया फार अवघड होते, कधी करताच येत नाही. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात आणि दात्याने दिलेल्या यकृताच्या तुकड्याची शीर आखूड असते. म्हणून हे दोन महिने वाया गेले, असे मला स्पष्ट लिहावे लागते.

रक्तस्रावाचा धोका खरा आहे. त्यासाठीच एन्डोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहतात, गरजेप्रमाणे बँड (शीर बांधणारी रबरी कडी) लावतात किंवा शिरांमधला दाब कमी करणारी कार्व्हेडिलोल गोळी देतात. प्लेटलेट्स, गुठळीचा पसारा, तिचे वय हे सगळे पाहून निर्णय होतो. तो प्रत्यारोपण केंद्रातल्या यकृततज्ज्ञांनी घ्यायचा आहे. याच आठवड्यात भेटा.

प्रश्न : शेजाऱ्यांना हृदयासाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी चालेल?

मुळीच नाही. नव्या गोळ्या यकृत फार बिघडलेले असताना टाळतात. वॉरफरिन या जुन्या गोळीने आयएनआर वाढतो आणि तोच आकडा मेल्ड स्कोअरमध्ये (यकृताचा आजार किती गंभीर ते दाखवणारा आकडा) धरला जातो, त्यामुळे स्कोअर फसवा येतो. हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनाचा डोस वजन आणि किडनी पाहून ठरतो.

प्रश्न : गुठळी विरघळवणारा काढा ऑनलाइन मिळतो. द्यावा का?

नको. ‘लिव्हर डिटॉक्स’च्या बाटलीने गुठळी जात नाही, पैसे आणि वेळ मात्र जातो. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. आधीच सुरू केला असेल तर बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : रिपोर्टमध्ये ‘गुठळीच्या आत रक्तप्रवाह’ लिहिलंय. म्हणजे सुटतेय ना?

तसे गृहीत धरू नका. तो प्रवाह धमनीचा असेल तर गुठळी यकृताच्या कर्करोगाची असू शकते आणि मग प्रत्यारोपणाचा विचारच बदलतो. कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय आणि एएफपी ही रक्ततपासणी लागेल. उद्याच केंद्राला फोन करा.

प्रश्न : गुठळी गेली. इंजेक्शने बंद करू?

स्वतःहून नाही. बंद केल्यावर ती अनेकदा परत होते, म्हणून यादीतल्या रुग्णांना बहुधा प्रत्यारोपणापर्यंत औषध चालू ठेवतात. काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी किंवा पोटात अचानक तीव्र कळ आली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा.